ब्रेमेनची कॉग : पहिल्या सफरीआधीच बुडालेले मालवाहू गलबत

जर्मनीत ब्रेमरहाफेन येथील सागरी संग्रहालयात ठेवलेले ब्रेमेनचे लाकडी मालवाहू गलबत मी दोनदा पाहिले. पहिल्या खेपेस एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. तिने या दालनासाठी अवघी वीस मिनिटे राखून ठेवली होती आणि मार्गदर्शकाने ‘मध्ययुगीन जहाज’ एवढेच सांगून सगळ्यांना बाहेर काढले. ती चुटपुट मनाला लागून राहिली, म्हणून दुसऱ्या खेपेस एकटाच गेलो आणि सकाळी दार उघडल्यापासून दुपार टळेपर्यंत त्या एकाच दालनात थांबलो. हे परीक्षण त्या दुसऱ्या भेटीचे आहे.

उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्राच्या काठच्या हान्सा व्यापारी संघातील नगरांचा व्यापार ज्या जहाजांच्या बळावर वाढला, त्यांना कॉग म्हणतात. ल्यूनेबुर्गचे मीठ, खारवलेले हेरिंग मासे, धान्य, लोकर, कापड आणि बिअर असा जड आणि पुष्कळ जागा खाणारा माल थोड्या खलाशांनिशी वाहून नेणे हे तिचे काम होते. तिचे नाव व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत जागोजागी येते. पण १९६२ पर्यंत तिचे रूप मुख्यतः नगरांच्या मुद्रांवरूनच, म्हणजे अधिकृत शिक्क्यांवरूनच, ओळखले जाई. श्ट्रालझुंडची १३२९ ची आणि एल्बिंगची १३५० ची मुद्रा त्यांत प्रसिद्ध आहेत. मुद्रेवरच्या चित्रात उंच बाजू, सरळ नाळ आणि मागे बसवलेले सुकाणू दिसते, मात्र फळीला फळी कशी जोडली होती हे त्यावरून कळत नाही.

ते कळले ८ ऑक्टोबर १९६२ रोजी. बंदराच्या विस्तारासाठी ब्रेमेनजवळ वेझर नदीतला गाळ उपसत असताना पाण्यातून एका मोठ्या लाकडी जहाजाचा सांगाडा वर आला. फळ्यांची रचना पाहून ही कॉग असावी हे झिगफ्रीड फ्लीडनर या संशोधकाने ओळखले. लोखंडी खिळे गंजून गेलेले असल्याने गलबत अखंड उचलणे शक्यच नव्हते. एकेक तुकडा सुटा करून बाहेर काढावा लागला. १९६५ मध्ये नदीचा तळ पुन्हा एकदा तपासून राहिलेले अवशेषही गोळा करण्यात आले. सगळे मिळून सुमारे दोन हजार तुकडे हाती आले. लाकडातील वार्षिक कड्यांवरून असे निश्चित झाले, की यासाठीचे ओक १३७८ मध्ये तोडलेले होते. गलबत पूर्ण बांधून झाले नव्हते आणि त्यात सुतारांची हत्यारे सापडली. त्यामुळे १३८० च्या सुमारास एखाद्या पुराने ते बांधणीच्या जागेवरून ओढून नेले असावे, असा अभ्यासकांचा कयास आहे. म्हणजे या गलबताने व्यापाराचा माल कधी वाहिलाच नाही, आणि माझ्या मते याच कारणाने ते इतके मोलाचे आहे. वीस-तीस वर्षे समुद्र कापलेल्या जहाजावर डागडुजीचे थर चढलेले असतात. येथे मात्र सुताराने ठोकलेला पहिला हात जसाच्या तसा समोर आहे.

हे पाहायचे असेल तर उजव्या बाजूला जाऊन शक्य तितके जवळ उभे राहावे. गलबत नदीत उजव्या कुशीवर पडून गाळात रुतले होते, म्हणून ती बाजू मागच्या टोकाला उंचावर बांधलेल्या चौथऱ्यापर्यंत टिकली आहे, तर डाव्या बाजूचा वरचा भाग बव्हंशी नाहीसा झाला आहे. तळाच्या फळ्या कडेला कड लावून सपाट बसवलेल्या आहेत, आणि बाजूच्या फळ्या मात्र कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या आहेत. फळ्या चांगल्या रुंद आहेत आणि त्यांचे खिळे आरपार काढून टोक दोनदा वाकवून पुन्हा लाकडात परतवलेले होते. सांध्यांत शेवाळ दाबून भरले आहे, त्यावर लाकडी पट्टी आणि पट्टीवर ओळीने ठोकलेल्या लहान लोखंडी पकडी, अशी पाणी अडवण्याची व्यवस्था आहे. या पकडींचा आकार काळानुसार बदलत गेल्याने त्यांवरून जहाजाचा काळ ठरवता येतो. बाजू भेदून बाहेर डोकावणारी आडव्या तुळयांची टोके पाहिली, की मुद्रांवरच्या चित्रांतले ठिपके एकदम उमगतात. मागच्या चौथऱ्यावर नांगर व शीड ओढण्याचा रहाट आहे आणि शौचकूपही आहे.

सुमारे २३ मीटर लांब आणि साडेसात मीटरांहून थोडे अधिक रुंद, असे हे आटोपशीर पण पोटाने मोठे गलबत सुमारे ९० टन माल पेलू शकले असते. एक डोलकाठी आणि एक चौकोनी शीड एवढ्यावर ते चालले असते. त्याच मापाच्या प्रतिकृती बांधून त्या समुद्रात नेल्या गेल्या, तेव्हा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जाणे अशा जहाजाला किती जड जाते हे दिसून आले. अनुकूल वाऱ्यासाठी बंदरात दिवसचे दिवस खोळंबून राहणाऱ्या व्यापाऱ्यांची कल्पना त्यावरून नीट करता येते.

तरीही या दालनातील सर्वांत मोठी कथा गलबत वर आल्यानंतरची आहे. पाण्यात मुरलेले लाकूड उघड्यावर वाळले असते तर आक्रसून तडकले असते. म्हणून तुकडे आधी पाण्याच्या टाक्यांत ठेवले गेले. १९७२ पासून सतत पाण्याचा फवारा चालू असलेल्या दमट दालनात ते पुन्हा जोडण्यात आले. जोडणी पुरी झाल्यावर गलबताभोवतीच सुमारे आठ लाख लिटरची पोलादी टाकी उभारली गेली, आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल हा मेणासारखा पदार्थ लाकडात हळूहळू मुरवण्यात आला. टाकी १९९९ मध्ये रिकामी झाली. २००० मध्ये गलबत लोकांसाठी खुले झाले. नदीतून वर आल्यापासून लोकांसमोर उभे राहीपर्यंत ३८ वर्षे गेली, आणि एवढ्या काळात ज्यांनी काम सुरू केले त्यांतल्या अनेकांना त्याचा शेवट कामावर असताना पाहता आला नसेल, हा विचार त्या काळपट फळ्यांसमोर उभे असताना मनातून जात नाही.

शिडे, दोरखंड, रंगीत पुतळे यांची अपेक्षा ठेवून येणाऱ्याची निराशा होईल. हरवलेली बाजू नव्या लाकडाने भरून न काढण्याचा निर्णय मला मनापासून पटतो, कारण त्यामुळे जुने काय आणि अंदाजाचे काय याविषयी पाहणाऱ्याच्या मनात संभ्रम राहत नाही. लहान मुलांना घेऊन गेल्यास आधी प्रतिकृतीचे चित्र दाखवावे, नाहीतर त्यांना हे निव्वळ मोडके लाकूड वाटेल. किमान तीन तास हाताशी ठेवावेत. आधी वरच्या सज्जावरून गलबताचे उघडे पोट पाहून घ्यावे, मग खाली उतरून तळाशी उभे राहावे. तेथे मान वर केली की बाजूच्या फळ्या एकामागून एक बाहेर झुकत डोक्यावर येतात, आणि धान्याच्या पोत्यांना व मिठाच्या पिंपांना एवढी जागा कशी मिळत असे ते मोजमाप न वाचताच समजते.