गाडीतले उंदीर पळवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

पुण्यात आमच्या सोसायटीचं पार्किंग इमारतीखाली, तिन्ही बाजूंनी उघडं आहे आणि कचऱ्याचे डबे त्याला लागूनच. पावसाळ्यात तिथे उंदीर आणि घुशींचा सुळसुळाट असतो. गेल्या जुलैत एका रविवारी सकाळी तिथे एक माणूस टेबल टाकून बसला. कंपनीचं नाव छापलेला शर्ट, गळ्यात ओळखपत्र. "ताई, फुकट तपासून देतो, फक्त बॉनेट उघडा." उघडलं तर बॅटरीवर अर्धी चपाती, कबुतराची पिसं आणि काळ्या लेंड्या. माझं धाबंच दणाणलं.

३,८०० रुपये सांगितले. त्यात सगळ्या वायरींवर "उंदीर तोंड लावणार नाही" असा कडू स्प्रे, बॅटरीला जोडलेलं, आवाजाने उंदीर पळवणारं अल्ट्रासॉनिक यंत्र आणि वर्षाची वॉरंटी. यंत्राचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, म्हणाला. तेवढं खरं आहे, २० किलोहर्ट्झच्या वरचं आपल्या कानाला कळत नाही. पण मग यंत्र चालतंय हे कळायचं कशावरून? तर लुकलुकणाऱ्या लाल दिव्यावरून. मला तिथेच खटकायला हवं होतं. आमच्यातल्या अकरा जणांनी त्या दिवशी पैसे मोजले.

तीन आठवड्यांनी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं आणि गाडी सुरूच होईना. टो करून गॅरेजला नेली. मेकॅनिकने टॉर्च मारून दाखवलं: वायरींचं आवरण कुरतडलेलं, आतल्या तांब्याच्या तारा कुंच्यासारख्या पिंजारलेल्या, आणि बॉनेटखालचा फोम ओरबाडून केलेलं घरटं. यंत्रापासून जेमतेम वीतभर अंतरावर! त्याने डबी उघडली, तर आतल्या स्पीकरला वायरच जोडलेली नव्हती, फक्त दिवा जोडला होता. वायरिंगचं बिल १४,५०० रुपये झालं.

त्या माणसाचा फोन बंद. वॉरंटी कार्डावर पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही. मागे बारीक अक्षरांत मात्र छापलंय, "वायरिंगच्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही."

यंत्र चालू असतं तरी फार फरक पडला नसता. हा आवाज इंजिनासारख्या ठोस वस्तूच्या पलीकडे पोचत नाही आणि उंदीर थोड्या दिवसांत त्याला सरावतात. अशा यंत्रांच्या दाव्यांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने २००१ मध्येच साठहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना इशारापत्रं पाठवली होती.

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतच राहतात, त्यामुळे तो कुरतडणारच. त्याला गाडीपाशी खायला आणि लपायला काही मिळू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात. आम्ही डबे लांब हलवले, कबुतरांना दाणे टाकणं बंद केलं. मेकॅनिककडून खालच्या फटींना बारीक स्टीलची जाळी बसवून घेतली. ती स्वतः लावू नका, गरम सायलेन्सर आणि पंख्याला अडता कामा नये. आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडून बघते. विष तर अजिबात ठेवू नका, उंदीर एसीच्या ब्लोअरमध्ये जाऊन मेला की गाडीत बसवत नाही. आणि उंदरांनी केलेलं नुकसान तुमच्या विम्यात बसतं का, हे कंपनीकडून आत्ताच लेखी घ्या.

आमच्यातल्या सात जणांनी रोख दिले, त्यांच्याकडे पावतीसुद्धा नाही. यूपीआयने दिलेल्या आम्ही चौघांनी पोलीस चौकीत अर्ज दिलाय आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तुमच्याकडे असं टेबल लागलं, तर आधी पक्कं बिल मागा आणि पैसे देण्याआधी डबी तिथल्या तिथे उघडून दाखवायला सांगा.