गावातले चित्रपटगृह की घाटापलीकडचे मल्टिप्लेक्स?

गेल्या पावसाळ्यात पाहिलेल्या चित्रपटांचा हिशेब मांडत असताना पुतणीने विचारले की, यंदा रत्नागिरीतच चित्रपट पाहावेत की आंबा घाट ओलांडून कोल्हापूर गाठावे.

तिकिटांच्या दरांतील फरक गौण आहे. खरा बोजा पडतो तो एका बाजूच्या सुमारे १३० किलोमीटरांचा आणि तिथल्या जेवणाचा. श्रमांची तर तुलनाच नको, कारण जुलैतल्या धुक्यात, दरडीची धास्ती बाळगत परतीचा घाट उतरताना मला नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाचा शेवटही आठवेनासा झाला होता.

ध्वनीच्या बाबतीत मात्र कोल्हापूर सरस ठरते. आमच्याकडे पत्र्यावर सर कोसळू लागली की हळुवार संवाद बुडून जातात आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांना काय झाले ते सगळ्यांनी मिळून सांगावे लागते, ज्याची मला खरे तर तक्रार नाही. शिवाय मराठी चित्रपटाला येथे बहुधा एकच, तोही अडनिड्या वेळेचा खेळ मिळतो.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत घरी असलेल्या सगळ्या कुटुंबाला सोबत न्यायचे असल्यास रत्नागिरी बरी. ध्वनी आणि छायांकनासाठीच पाहावा असा चित्रपट असल्यास, आणि त्याच फेरीत बाजारहाटही उरकणार असल्यास, दसऱ्यानंतर घाट चढावा.