पेट्रोल हायब्रिडमधला काजळीचा फिल्टर: गोव्यात ॲव्हरेज खरंच खातो का?

हायब्रिड घेऊन सहा महिने झाले की एक तक्रार हमखास ऐकू येते: कागदावर लिहिलंय तेवढं ॲव्हरेज मिळत नाही. मग कुणीतरी ठामपणे सांगतं, “सायलेन्सरमधला फिल्टर गळा आवळतोय, काढून टाक.” म्हणून हे परीक्षण गाडीचं नसून धुरातली काजळी अडवणाऱ्या त्या फिल्टरचं आहे. निकाल आधीच सांगतो. चांगल्या स्थितीतला फिल्टर इंधनात जेमतेम एखाद्या टक्क्याचा फरक पाडतो. मात्र गोव्यात गाडी ज्या तऱ्हेनं वापरली जाते, ती तऱ्हा फिल्टरलाही मानवत नाही आणि ॲव्हरेजलाही.

प्रत्येक हायब्रिडमध्ये हा फिल्टर असतोच असं नाही. बीएस ६ या प्रदूषणाच्या नियमांत कणांच्या संख्येची मर्यादा फक्त थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनांना लागू आहे. एप्रिल २०२३ पासून ती दर किलोमीटरला ६०० अब्ज कण इतकी कडक झाली. या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, ते पिस्टनला आणि भिंतीला चिकटतं, पूर्ण जळत नाही आणि काजळी होते. होंडा सिटी हायब्रिड, हायरायडर, ग्रँड विटारा यांची दीड लिटरची हायब्रिड इंजिनं पोर्ट इंजेक्शनची आहेत. त्यांत पेट्रोल हवेत मिसळूनच आत येतं, त्यामुळे काजळी मुळात कमी. आपल्या गाडीत फिल्टर आहे का, हे मालकाच्या पुस्तिकेत ‘जीपीएफ’ (गॅसोलीन पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे हाच फिल्टर) शोधून कळतं. सर्व्हिसला गाडी रॅम्पवर चढली की खालून पाहा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू निवळणारा डबा) संपल्यावर सायलेन्सरच्या बाजूला आणखी एक डबा असेल आणि त्यातून बोटापेक्षा बारीक एक-दोन नळ्या वर दाब मोजणाऱ्या एका छोट्या सेन्सरकडे जात असतील, तर तोच फिल्टर. काही गाड्यांत तो इंजिनाला चिकटून कन्व्हर्टरसोबतच बसवलेला असतो. ही मांडणी गोव्यासाठी जास्त चांगली, कारण फिल्टर लवकर तापतो. गाडीच्या पोटाखाली लांब बसवलेला फिल्टर म्हापसा ते पणजी एवढ्या १३ किलोमीटरांत पुरेसा तापेलच असं नाही.

आतलं काम समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. फिल्टर म्हणजे मधाच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा. त्यातली प्रत्येक नळी एका टोकाला बंद असते आणि शेजारची दुसऱ्या टोकाला, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं. काजळी भिंतीवर अडकते आणि पुढे जळून जाते. जळायला दोन गोष्टी लागतात: साधारण ६०० अंशांचं तापमान आणि प्राणवायू. पेट्रोल इंजिनाच्या धुरात उष्णता भरपूर असते, प्राणवायू जवळजवळ नसतो. तो मिळतो ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढल्यावर. तेव्हा पेट्रोल बंद होतं, इंजिन नुसतं फिरत राहतं आणि ताजी हवा गरम फिल्टरमध्ये ढकलतं.

हायब्रिडची अडचण नेमकी इथे आहे. पाय काढला की इंजिन फिरत राहायचं सोडून बंदच होतं. वेग कमी करायचं काम मोटर करते आणि ती वीज बॅटरीत जाते. ॲव्हरेजसाठी हे उत्तम, पण फिल्टरला हवाही मिळत नाही आणि तो थंडही होत जातो. त्यात इंजिन दिवसातून कितीतरी वेळा बंद-चालू होतं, आणि थंड इंजिन सुरू होतानाची पहिली मिनिटं सर्वांत जास्त काजळीची. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीच्या) बाजारात गाडी इंचाइंचानं सरकवायची, घरी यायचं, तासाभरानं राहिलेलं सामान आणायला परत निघायचं, अशा दिवसात काजळी साठते आणि जळत काहीच नाही.

काजळी ठरावीक पातळीवर गेली की गाडीतला संगणक स्वतःच इंजिन चालू ठेवतो आणि ठिणगी उशिरा देऊन धूर जास्त गरम करतो. बॅटरी भरलेली असूनही सिग्नलला इंजिन बंद होत नसेल, तर एक शक्यता ही आहे. त्या वेळी पेट्रोल थोडं जास्त जातं हे खरं. पण तेवढ्यात चावी फिरवून निघून गेलात तर गेलेलं पेट्रोल वाया जातं आणि तेच काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

यावर उपाय गोव्यात हाताशी आहे, तो म्हणजे घाट. केरीहून चोर्ल्याकडे चढताना इंजिनावर सलग भार पडतो आणि फिल्टर चांगला तापतो. वरून परत उतरताना गिअर ‘बी’वर (उतारावर गाडीचा वेग रोखून धरणारी स्थिती) ठेवा. थोड्या उतारानंतर बॅटरी भरते, जादा वीज ठेवायला जागा उरत नाही, मग मोटर इंजिनालाच पेट्रोलविना फिरवू लागते. इंजिनाचा आवाज चढतो आणि नवखा चालक दचकतो, पण फिल्टरला हवी असलेली ताजी हवा मिळते ती याच वेळी. मोलेहून अनमोडला जाऊन आलं तरी तेच. घाट लांब पडत असेल तर मोपाच्या बाजूला किंवा पणजी–मडगाव महामार्गावर रहदारी कमी असताना ताशी ६५ ते ८०च्या वेगानं अर्धा तास सलग चालवा. गाडीत पॉवर मोड असेल तर तो लावा, म्हणजे इंजिन जास्त वेळ चालू राहील, आणि मोकळ्या रस्त्यावर अधूनमधून पाय पूर्ण काढा. आठवड्यातून एक अशी फेरी पुरते. फिल्टर भरल्याचा संदेश आला तर ही फेरी त्याच दिवशी करा. त्यानंतरही संदेश गेला नाही, किंवा इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तर थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

तिथे फिल्टर बदलायचा सल्ला मिळाला, तर आधी स्कॅनर लावून कोड बघायला सांगा. ‘पी २४६३’ म्हणजे काजळी साठल्याची खूण. ‘पी २४५२’ किंवा ‘पी २४५३’ आला तर संशय दाबाच्या सेन्सरवर, त्याच्या वायरवर आणि नळ्यांवर घ्यायचा, फिल्टरवर नाही. पावसाळ्यात उबेला आलेले उंदीर रबराच्या नळ्या कुरतडतात. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. दोन्ही दुरुस्त्या फिल्टरच्या किमतीपुढे किरकोळ आहेत. फिल्टर खरोखर फुटतो किंवा वितळतो तो बहुतेकदा मिसफायरमुळे: न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटतं आणि सिरॅमिकला ती उष्णता सोसत नाही. म्हणून इंजिन झटके देत असेल तर प्लग आणि कॉइल तपासल्याशिवाय गाडी दामटू नका.

राखेचं गणित वेगळं. काजळी जळते, राख जळत नाही. ती येते इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम आणि जस्ताच्या रसायनांतून. थोडी राख उपयोगाचीच असते. नवा फिल्टर सुरुवातीला कमी कण अडवतो आणि भिंतीवर राखेचा पातळ थर बसला की जास्त. पण चुकीचं ऑइल घातलं किंवा इंजिन ऑइल पिऊ लागलं की हा थर जाड होतो, आणि फिल्टर कायमचा भरतो तो या राखेनं. पुस्तिकेत ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० यांपैकी जी ग्रेड आणि जे मानक लिहिलंय तेच घाला, “गरम हवेला जाड ऑइल बरं” हे ऐकू नका. गाडी कमी फिरत असली तरी वर्षाला ऑइल बदला. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर छोट्या फेऱ्यांमुळे पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. मग वर्षाचीही वाट पाहू नका.

मग ॲव्हरेज जातं कुठे? एक वाटा ई२०चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२०मध्ये ऊर्जा जवळपास ७ टक्के कमी, ई१०च्या तुलनेत साडेतीन. दुसरा वाटा एसीचा, कारण गोव्याच्या दमट उकाड्यात गाडी उभी असतानाही तो बॅटरी ओढत राहतो. तिसरा वाटा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अनेक हायब्रिडमध्ये बॅटरी थंड ठेवणारा पंखा सीटजवळच्या जाळीतून केबिनमधली हवा ओढतो. किनाऱ्यावरून आलेल्या पायांची वाळू, टॉवेलचे धागे, कुत्र्याचे केस त्या जाळीत बसतात. बॅटरी तापली की तिचा वापर आपोआप कमी केला जातो आणि इंजिन जास्त चालतं. ही जाळी दर सर्व्हिसला साफ करून घ्या आणि तिच्यासमोर पिशव्या ठेवू नका. टायर थंड असताना चारहींत दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा.

मोजायचं तर पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. एकाच पंपाच्या एकाच नोझलवर पहिल्या ऑटो कटपर्यंत टाकी भरा, ५०० किलोमीटर चालवा, तिथेच तसंच भरा आणि भागाकार करा. कागदावर लिहिलेला आकडा हा प्रयोगशाळेतला असतो. तो मिळाला नाही म्हणून फिल्टर कापायला लावू नका. फिल्टर काढणं मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात बसत नाही, वॉरंटीही जाते, आणि रिकाम्या डब्याचा दाब वाचून संगणक दिवा लावतोच.

जुनी हायब्रिड घेताना पीयूसीच्या कागदावरून फिल्टरची स्थिती कळत नाही, त्या चाचणीत कण मोजलेच जात नाहीत. पांढरं फडकं बोटाला गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडात आतून फिरवा. फिल्टर शाबूत असेल तर फडक्यावर फिकट करडा डाग येतो. दाट काळी काजळी आली तर फिल्टर फुटलेला आहे किंवा आतून पोकळ केलेला आहे, आणि व्यवहार तिथेच थांबवा.