शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी अंगठा देण्यापूर्वी हे वाचा

माझ्या मुलीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे २८,६४० रुपये मंजूर झाले, वितरितही झाले, आणि तिच्या नावाने उघडलेल्या, पण तिने कधीही न पाहिलेल्या एका खात्यातून अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाने ते परस्पर काढून घेतले. अर्ज भरण्याचे ६०० रुपये त्याने आधीच रोख घेतले होते. महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवर अर्ज भरण्यास शासन एक रुपयाही घेत नाही.

आम्हाला त्याच्याकडे महाविद्यालयाच्या लिपिकानेच पाठवले होते. मुदत संपत आलेली, पोर्टल वारंवार बंद पडणारे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जेमतेम हाती आलेला. अशा वेळी रांगेतल्या सगळ्यांचेच अर्ज भरून देणाऱ्या माणसावर कोणीही विश्वास ठेवला असता.

आधार पडताळणीचा ओटीपी मुलीच्या मोबाइलवर आला, तिने तो सांगितला आणि पडद्यावर तिचे नाव उमटले. पडताळणी तिथेच संपली होती. तरीही त्याने ठसे घेणारे छोटे यंत्र पुढे सरकवले आणि ‘सर्व्हर घेत नाही, नीट दाबा’ असे म्हणत तिचा अंगठा दोनदा घेतला. ओटीपी आल्यावर अंगठा कशाला? हा प्रश्न त्या क्षणी तोंडातून निघाला नाही, याचा संताप आजही झोपू देत नाही. त्या ठशांवर त्याने नवे खाते उघडले, आधार त्याला जोडले आणि मोबाइल क्रमांक स्वतःचा दिला. शिष्यवृत्ती आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जमा होते, त्यामुळे घरातले जुने पासबुक कोरेच राहिले. आधारशी कोणती बँक जोडलेली आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर दिसते. अर्ज भरल्यावर ते स्वतः पाहा, आणि आधारचे बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याच्या ठशांचा वापर, तिथेच लॉक करून ठेवा.

यानंतर सुरू झाली टोलवाटोलवी. महाविद्यालय म्हणाले, पोर्टलवर तक्रार करा. जिल्हा कार्यालयाने ‘रक्कम वितरित’ अशी नोंद दाखवून हात वर केले. बँकेने खात्याचा उतारा देण्यासाठी नोंदणीकृत मोबाइलवरचा ओटीपी मागितला, म्हणजे तो चोराकडूनच आणायचा! पोलीस ठाण्यात तर, पैसे मुलीच्याच नावाच्या खात्यात गेले असताना फसवणूक कसली, असे ऐकवले गेले. ज्या यंत्रणा एका दाखल्यावरचा शिक्का पुसट दिसला तरी अर्ज परत पाठवतात, त्यांपैकी एकीलाही हे खाते कोणी उघडले ते तपासावेसे वाटले नाही.

पैसे गेल्याचे कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. कार्यालयांच्या पायऱ्या नंतर झिजवा. लॉगिन आणि पासवर्ड केंद्रचालकाकडे ठेवू नका. कोणत्याही कार्यालयात अर्ज दिलात तर पोच घेतल्याशिवाय उठू नका. बँकेने आमचा अर्ज पोच न देता ठेवून घेतला आणि आता तो मिळालाच नाही असे सांगते. शुल्काची थकबाकी भरा, अशी नोटीस मात्र महाविद्यालयाने मुलीच्या हातात सही घेऊन दिली आहे.