परदेशात फॅब्रिकेट केलेलं स्टील: तळोज्याच्या गोदामावर एक पावसाळा काढल्यानंतर

तळोजा एमआयडीसीतल्या आमच्या गोदामाचा सांगाडा चीनमध्ये तयार होऊन न्हावा-शेवाला उतरला. उभारणी झाली, एक पावसाळाही अंगावर गेला, म्हणून आता लिहितोय. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

कामाला तोड नाही. वेल्डिंग बघून आमचा जुना फॅब्रिकेटर (स्टील कापून-जोडून सांगाडा बनवणारा) गप्प झाला, आणि हा गडी गप्प बसणाऱ्यातला नव्हे. राफ्टरच्या (छताच्या तिरक्या बीमच्या) जोडांवर होल असे जुळले की घण मारायची वेळ फारशी आलीच नाही. प्रत्येक नगावर मार्क नंबर, म्हणजे त्याची ओळख सांगणारा नंबर, ठोकलेला. 'चायना माल' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोचा बे ब्रिज आठवावा. त्याच्या नव्या पुलाचे पोलादी भाग शांघायमध्ये घडले. 2013 मध्ये 96 पैकी 32 अँकर रॉड (भाग जखडून धरणारे पोलादी दांडे) तुटले, ते मात्र अमेरिकेतच बनलेले होते. आपल्या अटल सेतूच्या पोलादी गाळ्यांचे भागही जपान, व्हिएतनामसारख्या देशांतून आले.

डोकेदुखी वेगळीच. बेस प्लेटचे (कॉलमच्या तळाच्या प्लेटचे) होल अचूक, पण पायातल्या काँक्रीटमधले फाउंडेशन बोल्ट बसवले इथल्या ठेकेदाराने. एका कॉलमला ते 8 मिमी सरकलेले निघाले. माल इथेच जवळ कळंबोलीत बनला असता तर संध्याकाळपर्यंत नवी प्लेट आली असती. इथे फोन करायचा कुणाला? गॅस कटर लावायचा नाही, असं कन्सल्टंटनी बजावलेलं. शेवटी मॅग्नेटिक ड्रिल भाड्याने आणून होल वाढवलं आणि वर जाड प्लेट वॉशर वेल्ड केला. तोवर क्रेन उभी, मीटर चालू.

पुढे मालकांना मेझनिन, म्हणजे आतला अर्धा मजला, वाढवायची हुक्की आली. आतले बीम 300 बाय 150 मिमीचे, मीटरला साधारण 37 किलो. दुकानदार म्हणाला, "आयएसएमबी 300 घ्या, तेच आहे." ते तेच नाही! आयएसएमबी हा आपल्या भारतीय मापाचा बीम. त्याचा फ्लँज (वरची-खालची आडवी पट्टी) 140 चा आणि वजन मीटरला 46 किलोच्या आसपास. उंची सारखी म्हणून जुन्या जोडाचं ड्रॉइंग तसंच चालत नाही, गणित नव्याने मांडावं लागतं.

माल कंटेनरमधून येणार असेल तर हेही धरा: 40 फुटी कंटेनरमध्ये 12 मीटरच्या वरचा तुकडा बसत नाही. म्हणजे जोड जास्त, बोल्ट जास्त. बोल्ट मोजून येतात, त्यामुळे थोडे जादा मागवाच. 10.9 ग्रेडचा एखादा हरवला म्हणून बाजारातला कमी ताकदीचा 8.8 ठोकून चालत नाही.

कागदांचं म्हणाल तर टीसी (स्टीलच्या चाचणीची प्रमाणपत्रं) चोख होते. चिनी ग्रेडचं क्यू355बी स्टील आणि आपलं ई350 ताकदीत जवळपास सारखंच. तरी टीसीवरचा हीट नंबर (स्टील ओतलेल्या घाण्याचा नंबर) प्लेटवरच्या नंबराशी ताडून बघितला आणि थोडे नमुने लॅबला पाठवले. निकाल बरोबर आले.

रंगाबद्दल मात्र तक्रार आहे. कारखान्यातला एपॉक्सी तळोज्याच्या केमिकलच्या हवेतही टिकला. पण चढवता-उतरवताना स्लिंगने (उचलायच्या दोराने) खरवडलेल्या जागा साइटवर नुसत्या ब्रशने पुसल्यासारख्या रंगवल्या होत्या. सप्टेंबरात नेमक्या तिथूनच तांबडे ओघळ उतरले. दुरुस्ती कुणी करायची, यावर सप्लायर आणि इरेक्शनवाले (उभारणी करणारे) अजून एकमेकांकडे बोट दाखवताहेत.

दुसऱ्या शेडला मुख्य फ्रेम पुन्हा बाहेरूनच घेणार आहोत. पर्लिन (छताच्या पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या), जिने, मेझनिन मात्र इथल्याच फॅब्रिकेटरकडून. टच-अपचा रंग आणि त्याची जबाबदारी यावेळी ऑर्डरमध्येच लिहून घेतली आहे.