प्रॉक्समॉक्स : ऑडिटचा एक सीझन काढल्यानंतर

सांगलीतल्या एका सीए ऑफिसातले कॉम्प्युटर मी बघतो. तिथे आधी तीन डबे दिवसरात्र चालू असायचे. एकावर अकाउंटिंगचा डेटा, दुसऱ्यावर सगळ्यांच्या फाइली, आणि तिसरा फक्त हजेरीच्या मशीनसाठी, कारण त्याचं सॉफ्टवेअर विंडोज ७ सोडायला तयार नाही. आता तिघांच्या जागी ६४ जीबी रॅमचा एकच सर्व्हर आहे, त्यावर प्रॉक्समॉक्स व्हीई, म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन, थोडक्यात व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर. ऑडिट आणि रिटर्नची सगळी धावपळ त्यावर झाली, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

व्हिएन्नातल्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर २००८ पासून आहे. मुळात डेबियन लिनक्स, त्यावर ब्राउझरमधून चालवायचा पॅनेल. खरं काम करतं ते केव्हीएम, म्हणजे व्हीएम चालवणारा भाग, जो २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) आहे. व्हीएममधल्या विंडोजच्या बहुतेक सूचना थेट प्रोसेसरवर चालतात. डिस्क, नेटवर्क कार्ड वगैरेंची सोंगं क्यूईएमयू नावाचा प्रोग्रॅम वठवतो. म्हणून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू आहे ना, हे आधी बघून घ्या. बऱ्याच बोर्डांवर ते बंदच येतं.

व्हीएमवेअर या कंपनीच्या अशाच सॉफ्टवेअरचाही विचार झाला होता. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली, कायमची लायसन्स बंद केली, व्हीएम चालवणारं तिचं फुकटचं ईएसएक्सआय २०२४ मध्ये काढून घेतलं आणि २०२५ मध्ये पुन्हा दिलं. पाच-दहा माणसांच्या ऑफिसाने अशा आत-बाहेरवर भिस्त ठेवू नये, असं माझं मत.

विंडोज टाकताना नवखा हमखास एका ठिकाणी अडतो. डिस्कसाठी व्हर्टआयओ एससीएसआय (व्हीएमसाठीच बनवलेला वेगवान प्रकार) निवडलं की विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही, यादी कोरी येते. व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ (सीडीची फाइल) दुसऱ्या सीडी ड्राइव्हला लावायची, 'लोड ड्रायव्हर' दाबायचं, 'व्हीआयओएससीएसआय' फोल्डरमधून आपल्या विंडोजचा ड्रायव्हर द्यायचा. लगेच डिस्क उभी राहते. आयडीई हा जुना प्रकार निवडून हे टाळता येतं, पण मग डिस्क रडतखडत चालते. त्याच सीडीवरून गेस्ट एजंट, म्हणजे व्हीएमच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅमही टाका. तो असला की बॅकअप सुरू होताना विंडोजला क्षणभर लिहिणं थांबवायला सांगितलं जातं आणि डेटा अर्धवट अवस्थेत उचलला जात नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो डिजिटल सिग्नेचरच्या टोकनांनी (सही साठवलेल्या यूएसबी काड्यांनी). टोकन सर्व्हरला खोचायचं आणि यूएसबी पासथ्रूने थेट व्हीएमला जोडून द्यायचं, हा मार्ग कुणालाही सुचतो. पण एकाच कंपनीची दोन टोकनं असली तर दोघांचा व्हेंडर आणि डिव्हाइस आयडी सारखाच. त्यामुळे आयडीऐवजी पोर्ट निवडावा लागतो. तेवढं करूनही आर्टिकलशिपची पोरं आपल्या पीसीवरून रिमोट डेस्कटॉपने व्हीएममध्ये गेली की टोकन गायब. पॅनेलमधल्या कन्सोलवर बघावं तर ते जागच्या जागी हजर! दोष प्रॉक्समॉक्सचा नाही. विंडोजच्या लेखी टोकन म्हणजे स्मार्ट कार्डच. रिमोट डेस्कटॉपच्या सेशनमध्ये विंडोज सर्व्हरकडचं स्मार्ट कार्ड दाखवत नाही, समोर बसलेल्याच्या पीसीचं दाखवतं. म्हणून टोकन ज्याच्या त्याच्या पीसीला लावलं आणि रिमोट डेस्कटॉपच्या 'लोकल रिसोर्सेस'मध्ये स्मार्ट कार्डवर टिक ठेवली. तेव्हापासून तक्रार नाही.

आणि हो, प्रॉक्समॉक्स फुकट म्हणजे सगळंच फुकट नव्हे. विंडोज सर्व्हर आणि रिमोट डेस्कटॉपच्या कॅल (वापरणाऱ्यांसाठीची लायसन्स) यांचे पैसे मोजावेच लागतात.

प्रत्येक लॉगिनला 'व्हॅलिड सबस्क्रिप्शन नाही' अशी पाटी येते. ती बघून सरांनी विचारलं, "हे चोरीचं नाही ना?" नाही. सॉफ्टवेअर एजीपीएल लायसन्सखाली खुलं आहे. पैसे आहेत ते एंटरप्राइझ रिपॉझिटरीचे (जिथून अपडेट येतात तो साठा) आणि सपोर्टचे. ती रिपॉझिटरी बंद करून नो-सबस्क्रिप्शनवाली लावली की अपडेट येत राहतात. पाटी मात्र येतेच, सवय होते.

डिस्कच्या जागेवर लक्ष ठेवावं लागतं. एलव्हीएम-थिन या डिस्कची जागा वाटायच्या पद्धतीत १ टीबीच्या डिस्कवर २ टीबीच्या व्हीएम बिनदिक्कत काढता येतात, कारण जागा लागेल तशी दिली जाते. पूल (सगळ्यांची ती सामायिक जागा) भरला की मात्र एकच नव्हे, त्यावरच्या सगळ्याच व्हीएमचं लिहिणं अडतं. शिवाय विंडोजमध्ये फाइल डिलीट केली तरी पूलमधली जागा सुटत नाही, जोवर डिस्कच्या सेटिंगमध्ये 'डिस्कार्ड'वर टिक नसते. ती टिक सुरुवातीपासून हवी असं मला वाटतं, पण ती बंद येते. जुने स्नॅपशॉटही (परत फिरता यावं म्हणून टिपून ठेवलेली व्हीएमची स्थिती) जागा धरून बसतात. विंडोज अपडेटच्या आधी स्नॅपशॉट, दोन-तीन दिवस सगळं ठीक चाललं की डिलीट, एवढाच त्याचा उपयोग. ज्या डिस्कवर व्हीएम, त्याच डिस्कवर स्नॅपशॉट. डिस्क गेली की दोन्ही गेले.

बॅकअपसाठी त्याच कंपनीचं प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर एका जुन्या डब्यावर टाकलंय. २०२० पासून मिळतं, तेही फुकट. पहिला बॅकअप पूर्ण जातो, नंतर फक्त बदललेले तुकडे. व्हीएम पूर्ण बंद करून चालू केली तर पुढच्या रात्री अख्खी डिस्क पुन्हा वाचली जाते, म्हणून एखाद्या दिवशी जास्त वेळ लागला तर घाबरू नका. दर महिन्याला अकाउंटिंगची व्हीएम वेगळ्या नंबरने रिस्टोअर करतो. चालू करण्याआधी नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये 'डिसकनेक्ट'वर टिक, नाहीतर एकाच आयपीची दोन मशीनं नेटवर्कवर भांडतात. मग कन्सोलवरून अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमधली कंपनी उघडायची, कालच्या नोंदी दिसतात का बघायचं आणि ती व्हीएम उडवायची.

घरच्या लॅपटॉपवर लिनक्स शिकायला म्हणून हे टाकू नका. वायफायवर त्याचा नेटवर्क ब्रिज (व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा दुवा) धड चालत नाही आणि अख्खा लॅपटॉप त्यालाच द्यावा लागतो; तिथे चालू विंडोजमध्येच व्हीएम चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स पुरे. आमच्या ऑफिसात दुसरा सर्व्हर घेऊन क्लस्टर करायची, म्हणजे दोन्ही एकत्र जोडायची चर्चा चालू आहे. पण दोनच नोड (सर्व्हर) असले तर एक बंद पडल्यावर बहुमत उरत नाही, तिसरं मत म्हणून क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारी छोटी सेवा) लागतो. तो बॅकअपच्या डब्यावरच बसवायचा विचार आहे, बजेट पुढच्या एप्रिलात.