नखरेल मांजरीसाठी ओले खाद्य : पाकीट की घरचे मांस?

भंडारा-गोंदियाकडच्या गावांत मामा (माजी मालगुजारी) तलावांची मासळी आणि आठवडी बाजारातील कोंबडीचे मांस सहज मिळते, त्यामुळे मांजरीला पाकिटातले ओले खाद्य द्यावे की घरी शिजवलेले, हा प्रश्न खर्चाइतकाच पोषणाचाही आहे.

मांजरीचे शरीर टॉरिन हे आवश्यक पोषकद्रव्य पुरेसे तयार करू शकत नाही. त्याच्या अभावी हृदयाचे स्नायू कमकुवत होतात, हे १९८७ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले. कोंबडीच्या हृदयात टॉरिन भरपूर असते. मात्र ते शिजवण्याच्या पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी फेकू नये, थोडेसे कोमट करून त्याच वाटीत घालावे, कारण त्या वासानेच नखरेल मांजर वाटीकडे वळते. कांदा-लसूण मात्र तिच्यासाठी विषारी आहे, तेव्हा रश्श्यातला तुकडा धुऊनही देऊ नये. नुसत्या मांसात कॅल्शियमही अपुरे असते आणि शिजलेली हाडे घशात रुततात.

पाकिटावर ‘संपूर्ण आहार’ असे लिहिले असेल, तर ही उणीव भरून निघते. पण ८० ग्रॅमच्या पाकिटांवरच चार किलोची मांजर पोसायची म्हटले, तर दिवसाला तीन-चार लागतात. शिवाय विदर्भाच्या उन्हाळ्यात उघडलेले पाकीट तासाभरातच खराब होऊ लागते.

माझ्या मते पाकिटाला मुख्य आहार मानावे आणि घरच्या मांसाचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच ठेवावा. केवळ घरच्याच अन्नावर ठेवायचे असल्यास पशुवैद्यकांकडून पूरक घटक ठरवून घ्यावेत.